माऊली आणि तळटीप

एम.ए.ला वारीवर लघुप्रबंध लिहायला घेतला. पहिला खर्डा 40 पानांचा झाला आणि तळटीपा 112. परिच्छेद सुरू व्हायचा 'ढेरे म्हणतात'नं, मध्ये 'मोकाशी लिहितात' आणि शेवटी 'कर्वे यांच्या मते'. सरांनी तो हातात तोलून विचारलं, "ह्यात तुम्ही कुठं आहात?"

"मुखपृष्ठावर, सर."

"आणि वारीला कधी गेलात?"

मी गप्प. इरावतीबाई कर्वे स्वतः वारीत चालल्या होत्या. 'पालखी' (1964) लिहिणारे मोकाशीही पालखीबरोबर गेले होते. मीच तेवढा वाचनालयातल्या पंख्याखाली बसून पंढरपूर गाठत होतो.

त्या वर्षी पुण्याहून सासवडपर्यंत चाललो. दिवेघाटात कुणीतरी "माऊली, माऊली" म्हणत माझ्या अंगठ्यावर सबंध पाय दिला आणि पुढं निघून गेला. परत येऊन दुसरा खर्डा लिहिला. आता पानोपानी 'मी पाहिलं', 'मला वाटलं', 'माझा अंगठा'. सर म्हणाले, "हा प्रबंध नव्हे, घरी धाडलेलं पत्र आहे. ढेरे कुठं गेले?"

मग सासवडच्या मुक्कामी ऐकलेलं कीर्तन आठवलं. बुवांनी निरूपणाला एकच अभंग घेतला होता. मुद्दा रंगात आला की ते प्रमाण देत: कधी तुकोबांचा अभंग, कधी ज्ञानोबांची ओवी. टाळकरी ते उचलत, पखवाज चढे, बुवा घोटभर पाणी पीत. पण भजन टिपेला पोचलं की बुवांचा हात वर. टाळ थांबत, आणि पुढचं वाक्य बुवांचंच. माझ्या पहिल्या खर्ड्यात नुसते टाळकरी होते. दुसऱ्यात नुसते बुवा, तेही स्वतःच्या अंगठ्यावर निरूपण करणारे.

तिसऱ्या खर्ड्यात इरावतीबाईंचं प्रमाण घेतलं. 'वाटचाल' या लेखात त्यांना सललेली गोष्ट: चालणं एकत्र, पण जेवणं जातवार वेगळी. मग हात वर केला आणि लिहिलं, "वारीत सगळे एकमेकांना 'माऊली' म्हणतात. त्याचा अर्थ कधी 'तुमच्यात मला देव दिसतो' असा असतो, तर कधी नुसताच 'सरका'."

समासात सरांच्या पेन्सिलीचा प्रश्न उमटला: 'संदर्भ?'

मी तिथंच मोजा काढून काळंनिळं नख दाखवलं.

सरांनी चष्मा सावरून ते नीट वाचलं. म्हणाले, "ठीक आहे. तळटीप द्या."