कप्पी रायर

झाड मुळासकट उपटायची वेळ आली की माणसांच्या दोन जाती उघड्या पडतात. एक जात जेसीबीवाल्याला फोन लावते, तासाचा भाव ठरवते आणि आपल्या उद्योगाला लागते. दुसरी जात माळ्यावर चढून दोर शोधू लागते. २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर श्रीवर्धनच्या आडव्या झालेल्या वाड्यांतून या दुसऱ्या जातीचे काही नमुने मी पाहिले. खांद्यावर दोराचं वेटोळं, कपाळाला आठी, आणि मागे ‘तुम्ही फक्त मी सांगतो तसं करा’ हे वाक्य सकाळपासून ऐकून विटलेले पुतणे. पण अस्सल बियाण्याचा माणूस त्याआधीच तंजावरात पाहून झाला होता, त्यामुळे ही मंडळी मला जरा फिकीच वाटली.

तंजावरात देशस्थ मराठी माणसाला तमिळ शेजारी ‘रायर’ म्हणतात. एका वीथीत रायर पुष्कळ, म्हणून पुढे काहीतरी लावावं लागतं. कुणी बँक रायर, कुणी पंचांग रायर. आमचे हे कप्पी रायर. कप्पीला तमिळमध्येही कप्पीच म्हणत असल्यामुळे हे नाव दोन्ही भाषांत एकदमच चिकटलं. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत उभी हयात मुलांना कानस धरायला शिकवून ते निवृत्त झाले होते. सरस्वती महालातले मोडी कागद पाहायला मी गेलो तेव्हा मेल वीथीतल्या त्यांच्या घरी उतरलो होतो. घरात शिरल्यावर आधी वर पाहायचं, मग पुढे चालायचं. तुळईला चेनब्लॉक टांगलेला; त्यावर काकू ओले पंचे वाळत घालत. विहिरीला जुनी लाकडी कप्पी, न्हाणीघराच्या दाराला झडप आपोआप लागावी म्हणून लोखंडी, आणि नागपट्टणमच्या भंगारातून आणलेली जहाजावरची एक पितळी कप्पी तर देवघराच्या कोनाड्यात. तिला शस्त्रपूजेला हळदकुंकू असे. उरलेल्या वर्षभर ग्रीस.

या माणसाला आयुष्यभर पुरेल एवढं काम १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे मिळालं. गजा वादळ नागपट्टणम आणि वेदारण्यमच्या मध्ये किनाऱ्याला लागलं आणि पट्टुकोट्टै, ओरत्तनाडू, पेरावूरणी या पट्ट्यातल्या नारळाच्या बागा एका रात्रीत झोपल्या. कावेरीचा जुना त्रिभुज प्रदेश भाताचा. हा पट्टा १९३४ साली मेट्टूरचं धरण आणि कल्लणैचा नवा कालवा झाल्यावर ओलिताखाली आला आणि मग नारळावर गेला. लाखोंनी झाडं पडली. सरकारने नुकसानीचे माडामागे ६०० रुपये आणि तो कापून हलवायचे ५०० असे मिळून ११०० रुपये जाहीर केले. कापून हलवायचे म्हणजे वरचा भाग. खाली जो बुंधा राहतो त्याचा कुठल्या जीआरमध्ये उल्लेख नसतो. तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा.

आणि बुंधा ठेवून चालत नाही. कुजलेल्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, सोंड्या भुंगा जखमी झाडाच्या वासावर येतो, आणि वादळातून वाचलेली चार झाडं हे दोघे मिळून खातात. तेव्हा बुंधे काढणं भाग होतं, यावर गावात दुमत नव्हतं. रायरांची तीनेक एकरांची बाग पेरावूरणीच्या पलीकडे, मनोऱ्याच्या वाटेवर. नेपोलियन युरोपात हरला म्हणून आपल्या शरफोजी राजांनी इंग्रज मित्रांच्या आनंदात तंजावरच्या समुद्रकाठी हा बहुमजली मनोरा बांधला. दूरच्या लढाईचा खर्च जवळच्या माणसाने का करावा, असा प्रश्न मला पडला होता. रायरांची बाग पाहिल्यावर पडेनासा झाला.

शेजारच्या बागेत जेसीबी आला आणि एका दुपारात सगळं सपाट करून गेला. रायर बांधावर उभे होते. लग्नात पंगत बाहेरून मागवणाऱ्या घराकडे सुगरण बाई जशी पाहते, तसं ते त्या यंत्राकडे पाहत होते. “यात डोकं कुठे आहे?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काम झालं ना. “काम झालंच रे. पण केलं कुणी?”

दुसऱ्या दिवशी त्यांचा सरंजाम निघाला. भाड्याचा लाल मॅसी ट्रॅक्टर, दोन कप्प्या, तारेचा दोर, काथ्याचा दोर (“नारळाला नारळाचाच दोर, त्याला वाईट वाटत नाही”), पहारी, गोणपाटं, ग्रीसचा डबा आणि एक वही. चार मजूर आणि एक मेस्त्री. मेस्त्री बोलायचा कमी. रायरांच्या प्रत्येक सूचनेला “सरि अय्या” म्हणायचा आणि त्या दोन शब्दांत मान, शंका, मजुरीची आठवण असं सगळं बसवायचा.

रायरांचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं, हे आधी सांगायला हवं. या जातीच्या माणसांची खरी अडचण तीच असते, की ती चुकत नाहीत. माडाला सोटमूळ नसतं. बुडाशी हजारो दोरीएवढी मुळं असतात आणि एकेक तुटेल तशी पकड सुटते, म्हणून झटका मारायचा नाही, ताण धरून थांबायचं. माड कापतानाच चार-पाच फूट खुंट ठेवला असता तर तोच तरफ झाला असता. पण ओंडके नेणाऱ्याने सगळे जमिनीलगत कापले होते, आणि हे दुःख रायर अजून विसरले नव्हते. म्हणून त्यांनी भंगारातली एक लोखंडी चाकधाव आणली. ती बुंध्याला टेकवून उभी करायची, दोर तिच्यावरून न्यायचा, म्हणजे ट्रॅक्टर आडवा ओढतो आणि बुंधा उभा वर येतो. आदल्या रात्री बुडात पाणी सोडायचं. दोर ट्रॅक्टरच्या धुरेच्या खालीच बांधायचा. वर बांधला तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा येतो. आणि ताणलेल्या तारेच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं. तार तुटली तर ती चाबकासारखी येते. गोणपाट तिला खाली दाबतं. हे गोणपाट रायर स्वतःच्या हाताने टाकत, घडी नीट करून, आणि ते टाकल्याशिवाय चालकाला क्लचवरचा पाय हलवू देत नसत.

मग सुरू व्हायचं. पहिला लो गिअर. “मेल्ल… मेल्ल…” तार वाजायची. कप्पी करकरायची. बुंध्याच्या एका अंगाची माती केसाएवढी फाटायची. “निप्पाट्टु!” सगळं थांबायचं. रायर गुडघ्यावर बसून त्या फटीत बोट घालायचे, वहीत काहीतरी लिहायचे, चष्मा पुसायचे. मजूर माडाच्या सावलीत, म्हणजे जे दोन-चार माड उभे होते त्यांच्या सावलीत, बसून घ्यायचे. मला वाटलं ओढणं मुख्य आणि थांबणं मधलं. तसं नव्हतं.

एक बुंधा पहिल्याच ताणाला भसकन बाहेर आला. मजुरांनी आरोळी ठोकली. रायरांचा चेहरा पडला. “कुजका होता,” ते म्हणाले आणि तो वहीत धरला नाही. याउलट विहिरीजवळचा एक बुंधा दिवसभर हलेना, तेव्हा मात्र रायर तरुण झाले. दुसरी कप्पी लावली, दोराचा कोन बदलला, पुन्हा बदलला, डबा उघडून ग्रीस भरलं. काकूंनी रसवांगी-भात पाठवला होता तो उभ्यानेच खाल्ला. मोठ्या देवळाच्या शिखरावरचा दगड ऐंशी टनांचा, सारपळ्ळमपासून मैलोगणती उतरण बांधून राजराजाने तो चढवला, ही तंजावरात प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर मिळणारी गोष्ट त्यांनी मेस्त्रीला सांगितली. दगड एकसंध नाही, असं जाणकार म्हणतात, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती. मेस्त्रीने शांतपणे ऐकून घेतलं. “राजराजाकडे हत्ती होते अय्या. आणि ट्रॅक्टर तासावर नव्हता.”

रायरांची खरी प्रतिभा दिसली ती खुंटा निवडण्यात. कप्पीने जोर दुप्पट करायचा तर दोराचं एक टोक कुठेतरी पक्कं बांधावं लागतं. एक टोक खुंट्याला, मधे कप्पी बुंध्याला, दुसरं टोक ट्रॅक्टरला. ट्रॅक्टर दोन हात सरकला की बुंधा एक हात सरकतो, पण दुप्पट जोराने. आता खुंटा कुठला? उभ्या माडांना दोर लावायची काकूंनी शपथ घातली होती. “वादळाने ठेवलेत ते तुम्ही पाडू नका,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या, पण ज्या सुरात म्हणाल्या त्यानंतर रायर उभ्या माडाजवळून जातानाही दोर पाठीमागे धरत. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. एका बुंध्याला खुंटा करून दुसरा ओढायचा. जो निघेल तो निघाला. ओढायचा तो आला तर उत्तम. खुंटाच उपटला तर तोही कधीतरी काढायचाच होता. “अस्क निघतं,” ते हात चोळत म्हणाले. सगळं निघतं. हरायची सोयच ठेवली नव्हती.

ती युक्ती पाहून मी खरोखर थक्क झालो. मेस्त्रीनेही पहिल्यांदाच “सरि अय्या” सरळ सुरात म्हटलं. दोन-दोन बुंध्यांच्या झुंजी लागू लागल्या. मजूर पैजा लावू लागले; ट्रॅक्टरवाला मोबाइल खिशात ठेवून पाहू लागला. गावातली निवृत्त मंडळी संध्याकाळी बांधावर येऊन बसायची आणि आपापले सल्ले द्यायची. रायर ते अजिबात ऐकत नसत; सल्ला देणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. जेसीबीने दुपारात केलं असतं ते काम आठवडे चाललं होतं, भाड्याचा आकडा काकूंच्या डबीतल्या चिठ्ठीवर वाढत होता, पण बाग मोकळी होत होती हे कुणाला नाकारता येईना.

आणि मग एका सकाळी एकच बुंधा उरला.

रायर दोर घेऊन त्याच्याजवळ गेले, दुसरं टोक हातात धरून त्यांनी चारी दिशांना पाहिलं. खुंटा करायला काहीच शिल्लक नव्हतं. नुसत्या ट्रॅक्टरने ओढून पाहिलं. त्या रेताड मातीत मागची चाकं जागीच फिरून स्वतःला पुरू लागली. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं आणि आकाशाकडे पाहिलं. मेस्त्री काही बोलला नाही. उभ्या माडांकडे रायरांनी एकदा नजर टाकली आणि परत घेतली.

दुपारी त्यांना उपाय सुचला. पडलेल्या माडाचा एक ओंडका आडवा घ्यायचा, पाच फूट खोल चर खणून त्यात पुरायचा, मधोमध तार बांधून वर काढायची, माती ठोकून बसवायची. अशा पुरलेल्या ओंडक्याला वाटेल तेवढा ताण देता येतो, तो हलत नाही. हेही अगदी शास्त्रशुद्ध होतं. मजुरांनी खणायला घेतलं. चर कमरेएवढा झाला, छातीएवढा झाला. बाजूला मातीचा ढीग. मेस्त्री चराच्या काठाशी उकिडवा बसला, एकदा चराकडे आणि एकदा चार हातांवरच्या त्या बुंध्याकडे त्याने पाहिलं, आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

“अय्या, एवढं त्याच्याच बुडाशी खणलं असतं तर…”

“तर तो निघाला असता,” रायर म्हणाले. त्यांना हे ठाऊकच होतं. “पुढे खण.”

संध्याकाळी ओंडका पुरून झाला. तार लागली, कप्पी लागली, गोणपाट पडलं. बुंधा मुकाट वर आला. एकदाही थांबावं लागलं नाही. मजूर अवजारं गोळा करू लागले. ट्रॅक्टरवाल्याने तास मोजले. रायर मात्र जमिनीतून वर आलेल्या तारेच्या त्या टोकाशी उभे राहिले, ते त्यांनी पायाने हलवून पाहिलं, दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. ते तसूभर हललं नाही.

“हा ओंडका,” मी विचारलं, “असाच राहणार का? कुजला की भुंगा येईल ना?”

रायरांनी वही काढली.

“त्यालाच एक चांगला खुंटा हवा,” ते म्हणाले.