टपरीचे चार इंच

आमच्या गॅरेजात बर्फात चालायचे बूट आहेत. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत पडलेला बर्फ बहुधा दुपारपर्यंत टिकत नाही. कुऱ्हाड आहे, तिने आजवर एक नारळ फोडला. डोंगर चढायचा दोर आहे, त्याने आम्ही जुनी गादी गाडीच्या टपाला बांधून टाकायला नेली. ही सगळी खरेदी माझी नाही. मी पुढे जो होणार आहे, त्या गृहस्थाची आहे. तो सडपातळ आहे, पाचला उठतो आणि दिशा ताऱ्यांवरून ओळखतो. मी फक्त त्याची बिलं भरतो.

ट्रेलरही त्यानेच घेतला. पाच बाय आठ फुटांचा, टीअरड्रॉप म्हणतात तो. आत दोघांपुरती गादी, आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. आत उभं राहता येत नाही. पोट नसेल तर आडवं होऊन पँट बदलता येते, असं कंपनीचं माहितीपत्रक बघून वाटतं. १९३०च्या दशकात अमेरिकेतले हौशी लोक मासिकातले आराखडे बघून असले ट्रेलर घरीच ठोकायचे. महायुद्धानंतर काहींनी मोडीत निघालेल्या लष्करी जीपची चाकं लावली. तेव्हा ‘ऑफरोड पॅकेज’ ही भानगड नव्हती, कारण निम्मे रस्ते मुळातच ऑफरोड होते.

बायकोने ट्रेलर पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाली, “बरी आहे टपरी.” झालं, तेच नाव पडलं.

वर्षभराने मला शोध लागला की टपरी बुटकी आहे. दुकानदाराने खाली वाकून जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. डॉक्टर आणि मेकॅनिक या दोघांनी असा आवाज केला की मी खिशात हात घालतोच. ट्रेलर चार इंच उचलायचा, अॅक्सल काढून दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचं, दातेरी टायर घालायचे, पुढे दगड उडून लागू नयेत म्हणून जाळी, खालून पोलादी पत्रा, आणि गाडीला जोडणाऱ्या बॉलच्या जागी सगळ्या बाजूंनी फिरणारं कपलिंग. या सगळ्याचं नाव ‘ऑफरोड पॅकेज’. एकूण खर्च जवळपास अर्ध्या टपरीइतका.

“आपण जातो कुठे?” बायकोने विचारलं.

आम्ही जातो ते डांबरी वाटेच्या, विजेचा खांब असलेल्या, शेजारी आंघोळीला गरम पाणी असलेल्या ठिकाणी. हे तिला माहीत होतं. मला माहीत होतं. दुकानदारालाही बहुतेक माहीत होतं. मग तिनेच तोडगा काढला, “चाकोला जाऊ. तिथला रस्ता टपरीला झेपला नाही, तर कर खर्च.”

म्हणजे टपरी मोडली तर मला पैसे मंजूर. फार नको, सन्मानाने एखादा अॅक्सल वाकला तरी चालेल, अशा शुभेच्छा मनात घेऊन मी तयारीला लागलो. आणि नेमके तेव्हाच सांगलीहून सासरे आले.

अण्णांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये पाटे बदलण्यात गेली. विमानतळावरून आले, चहा घेतला आणि ड्राइव्हवेवर खोका पसरून बनियनवर टपरीखाली शिरले.

“जावईबापू, ह्याला पाटे कुठायत?”

मी समजावलं. पाटे नाहीत. चौकोनी नळीत रबराचे दांडके दाबून बसवलेले असतात, चाक वर गेलं की ते पिळले जातात, तेच स्प्रिंगचं काम करतात.

“आणि रबर गेलं तर?”

“अख्खा अॅक्सल बदलायचा.”

खालून बराच वेळ आवाज आला नाही. “म्हणजे रस्त्यात माणसानं काही करायचंच नाही. बसून राहायचं.” मग विचारलं, “अॅक्सल किती वजन पेलतो?” दोन हजार पौंड. “आणि टपरी?” हजाराच्या आसपास. “मग उडणारच. भरलेली एसटी आदळते, रिकामी एसटी उडते.”

मला आनंद झाला. तज्ज्ञांचं मत आपल्या बाजूने! म्हटलं, म्हणूनच अण्णा, नवीन सस्पेन्शन, चार इंच...

“उंच कशाला? टायरमध्ये पन्नास पौंड हवा आहे. एवढ्याशा वजनाला तीस पुष्कळ झाली. मातीत शिरलं की काढा, डांबरावर आलं की भरा.” मग ते सरपटत आमच्या गाडीखाली गेले आणि बोटांनी वितीचं माप घेऊन बाहेर आले. “तुमच्या गाडीचं पोट तरी कुठं उंच आहे? बैलच रुतल्यावर गाडा उंच असून काय करायचा?”

या प्रश्नाला ऑफरोडच्या एकाही माहितीपत्रकात उत्तर नाही. फोटोत ट्रेलर लाल खडकावर एकटाच उभा असतो. तो तिथे ओढत नेणारी गाडी दिसत नाही, आणि तिथे भांडी कोण घासतं तेही दिसत नाही. या फोटो काढणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. मी त्यांचं सगळं खरं मानतो, म्हणून जास्त येतो.

चाको म्हणजे जुन्या वस्तीच्या अवशेषांचं उद्यान, अल्बुकर्कीपासून साधारण दीडशे मैल. बर्नालियो, क्युबा अशी गावं मागे टाकत पाचशे पन्नास नंबरच्या हायवेने नगीझीच्या जरा अलीकडे वळायचं. तिथून २१ मैल. पहिले आठ डांबरी, उरलेले तेरा मातीचे. पाऊस झाला तर चिखल आणि ओढे मिळून वाट बंदही पाडतात. आमच्या नशिबाने, म्हणजे माझ्या दुर्दैवाने, कडक ऊन होतं.

त्या मातीत आडव्या वळ्या पडलेल्या असतात, एकीला लागून एक, मैलच्या मैल. इथले लोक त्याला ‘वॉशबोर्ड’ म्हणतात. हे कोणाच्या हलगर्जीपणाने होतं असं मी समजत होतो. तसं नाही. २००७ साली टोरांटो, केंब्रिज आणि लिऑनच्या शास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर एक साधं चाक चालवून पाहिलं. स्प्रिंग नसलेलं चाकही एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की सपाट वाळूत वळ्या पाडतं. त्या वेगाच्या खाली राहिलं तर पाडत नाही. तो वेग इतका कमी असतो की तेवढ्या धीम्या गतीने कोणी जातच नाही. थोडक्यात, रस्ता बिघडवायला आपण जाणं पुरेसं आहे.

तेरा मैल अण्णा शेजारी बसून वेगाच्या काट्यावर लक्ष ठेवत होते. काटा पंधराच्या वर गेला की घसा खाकरायचे. मागून एक पिकअप चाळीसच्या वेगाने धुळीचा ढग करून निघून गेली. चालत्या पेटीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ तिकडेच ओढली जाते. टपरीच्या मागे काय आहे, हे त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. मी अॅक्सल मोडल्याच्या आवाजाकडे कान लावून होतो.

गॅलो कॅम्पग्राउंडला उतरल्या उतरल्या मी टपरीखाली शिरलो. अॅक्सल सरळ. चाकं सरळ. एक नटसुद्धा ढिला नाही. इतकं धडधाकट यंत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मन खट्टू झालं.

तेवढ्यात बायकोने मागचं झाकण उचललं आणि “अगं बाई” म्हणाली. ही पोरगी सव्वीस वर्षांची असल्यापासून मी तिला ओळखतो. तिने “अगं बाई” म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

ओट्यावरची फळी सहा स्क्रूंवर होती. त्यातले चार हादऱ्यांनी स्वतःला फिरवून फिरवून बाहेर आले होते आणि फळी एका बाजूने लोंबत होती. फळीवर होता मिसळणाचा डबा. तो पालथा. प्रत्येक वाटी वेगळी. हळद कुकरच्या शिट्टीत, हळद चहाच्या गाळण्यात, हळद स्टोव्हच्या बर्नरच्या भोकाभोकांत. ओट्याच्या मागे पातळ फळकुट आहे, त्यातून आतल्या कपाटात फट, आणि कपाटातून थेट गादी. त्या वाटेने हळद आतही पोचली होती. बरोबर धुळीचा थर, मैद्याहून बारीक. हिंगाची डबी उघडली होती, त्यामुळे शेजारच्या तंबूतल्या माणसाने एकदा मान बाहेर काढली आणि लगेच आत घेतली. मोहरी तर सर्वत्र. चादरीवर, उशीच्या अभ्र्यात, माझ्या त्या बर्फाच्या बुटांत. बूट बरोबर कशाला आणले होते, असं कोणीतरी विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

पुसायला घेतलं तर हळद आणखी पसरते. अर्ध्या तासात मी कोपरापर्यंत पिवळा. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, “लग्नात हळद लावली तेव्हाही तू अस्साच चेहरा केला होतास.”

अण्णांना टपरीत झोपवायचं आणि आम्ही तंबूत, असं ठरलं होतं. रात्री तंबूतून पाहिलं तर टपरीत बॅटरी चालू. चाकोला २०१३ मध्ये अंधारं आकाश जपणारं उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, लोक तारे बघायला लांबून येतात. अण्णा आकाशाकडे पाठ करून चादरीवरची मोहरी वेचत होते. एकेक दाणा उचलून वाटीत.

“अण्णा, राहू द्या. मोहरी मिळते इथे,” बायको म्हणाली.

“मोहरी मिळते गं.” आणि वेचत राहिले.

डबा सासूबाईंचा. त्या गेल्यावर आमच्याकडे आला. थोड्या वेळाने ते झाकण बॅटरीच्या उजेडात फिरवत म्हणाले, “कड सैल झालीय. पंधरा वर्षं म्हणत होती, ठोकून द्या म्हणून. अख्ख्या डेपोच्या गाड्या ठोकल्या. हे राहिलं.”

मग त्यांनी एक गुळगुळीत दगड शोधला आणि रात्री साडेअकराला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात टुक टुक करत झाकण बसवलं. शेजारचा माणूस या वेळी मान बाहेर काढायला आला नाही.

दुसऱ्या दिवशी प्वेब्लो बोनितो पाहिलं, चाकोच्या जुन्या रहिवाशांचं प्रचंड घर. सहाशेच्या वर खोल्या, काही ठिकाणी चार मजले, इसवी सन ८५०च्या सुमारास सुरू करून तीनेक शतकं बांधत गेलेलं. छपरांची लाकडं ७५ किलोमीटरहून लांबच्या डोंगरांतून आणलेली. ना चाक, ना बैल, ना घोडा. तरी त्यांचे काही रस्ते ३० फूट रुंद आणि नाकासमोर सरळ. इथे सापडलेल्या मातीच्या बरण्यांच्या तुकड्यांवर कोकोचे अंश असल्याचं पॅट्रिशिया क्राउन या विदुषींनी २००९ मध्ये दाखवलं. कोको पिकतो तिथून चाको हजार मैलांहून जास्त. हजार मैल, माणसाच्या पाठीवर.

बायकोने मला बाजूला घेतलं. “त्यांनी कुठलं पॅकेज घेतलं होतं रे?”

परतीला टायरमध्ये तीस पौंडच हवा होती. डबा अण्णांच्या मांडीवर होता, झाकणावर दोन्ही हात. डांबरावर आल्यावर आधी हवा भरली, मग सगळे बोलायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी जावयाला कामाची यादी दिली. फळीला स्क्रू नकोत, आरपार बोल्ट आणि पलीकडून लॉकनट. मागच्या झाकणाला सगळीकडून रबराची पट्टी. ओट्यामागची फट बंद. डब्याला कातडी पट्टा. हे सगळं हार्डवेअरच्या दुकानात साठेक डॉलरमध्ये आलं. शेवटी त्यांनी टपरीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं, मागे पाहिलं.

“स्टेपनी कुठंय?”

स्टेपनी नव्हती. टपरीबरोबर ती येतच नाही, वेगळी घ्यावी लागते. मी लगोलग दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ऑफरोड पॅकेज घेतलंत तर स्टेपनी फुकट.

मी ही बातमी आत जाऊन शक्य तितक्या सहज आवाजात सांगितली.

“मी वर्कशॉपवाल्याची मुलगी आहे,” बायको पोळी उलटत म्हणाली. “फुकटची स्टेपनी कितीला पडते ते मला नको सांगूस.”