कोकणशेठ

अमान्सिओ डिसिल्व्हा या जॅझ गिटारवादकाचं नाव लंडनमध्येही आता थोड्याच लोकांना ठाऊक असेल. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या, तेलंगणातल्या नार्नूरमध्ये मात्र ज्यानं युरियाची एक तरी गोणी नेली आहे, त्याला ते ठाऊक आहे. कारण खत-बियाण्यांचं दुकान कोकणशेठचं, आणि गोणी नेईपर्यंत जे ऐकावं लागतं तेही कोकणशेठचंच.

कोकणशेठ कोकणातले नाहीत. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही, मासे खात नाहीत. दक्षिणेला हैदराबाद आणि पश्चिमेला नांदेड, यांच्यापलीकडे ते सहसा जात नाहीत. पण डिसिल्व्हाच्या ‘कोंकण डान्स’ नावाच्या ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात इतक्या वेळा येतो, की आडनाव मागं पडलं आणि हे पुढं आलं. तेलुगू बोलणारे ‘कोंकण सेठू’ म्हणतात, तांड्यावरचे लोक नुसतं ‘कोकण’ म्हणतात. शेठची हरकत नसते. उलट, ‘डान्स’ गळला याची किंचित खंत असते.

अशी माणसं सगळीकडे असतात. शहरात ती चार-सहांचं मंडळ काढतात, एकमेकांना ऐकवतात आणि एकमेकांवरच खर्ची पडतात. आडगावात असला रसिक एकटाच असतो, आणि त्याचं सगळं पीक इतरांच्या अंगावर येतं. कुणी म्हणेल, सीमेवरच्या गावात, जिथं मराठी, गोंडी, लमाणी आणि तेलुगू एकाच ओट्यावर बसून बोलतात, तिथं जॅझ गिटार ऐकणारा निघावा यात नवल ते काय. मला नवल वेगळंच वाटतं. शेठना गिटार किती आवडते हे मला आजवर कळलेलं नाही. गिटारची माहिती त्यांना आवडते, एवढं नक्की.

ऐकवण्याची त्यांची एक रीत आहे. आधी बोट वर करून पंखा बंद करायला लावतात. मग फोनला जोडलेल्या डबड्या स्पीकरमधून सूर निघतो आणि त्याच क्षणी शेठ बोलायला लागतात. ‘मुंबईत जन्म, 1936. घराणं गोव्याचं. जयपूरच्या गायत्रीदेवींनी ह्याला गिब्सन गिटार घेऊन दिली, राणीनं! मग लंडन.’ मागं गिटार चाललेलीच असते. ‘आता येतंय बघा,’ शेठ सांगतात, ‘आता एक जागा येतीय, ध्यान द्या, हा सूर असा लांबवतो की... डेनिस प्रेस्टन नावाचा निर्माता होता, लॅन्सडाउन स्टुडिओ त्याचा, त्यानं हे...’ आणि प्रेस्टनचं चरित्र संपेपर्यंत जागा निघून गेलेली असते. ‘गेली,’ म्हणतात. मागं घेतात. पुन्हा ‘आता येतंय बघा.’ ती जागा नार्नूरमध्ये आजवर कुणीही ऐकलेली नाही. शेठनी तरी ऐकली आहे का, याची मला शंका आहे.

वास्तविक ती जागा ऐकण्यासारखी असते. डिसिल्व्हाची गिटार धावत नाही. एकेक सूर सुटा, गोल, आणि जोडताना मध्ये थोडी हवा सोडलेली. बोटं किती पळतात हे दाखवायची त्याला हौस नाही. चाल सुरू होते ती कुठल्याशा लोकगीतासारखी, गुणगुणता येईल अशी, आणि मग ती सावकाश जॅझच्या वाटेला लागते. ‘इंटिग्रेशन’ ही त्याची ध्वनिमुद्रिका 1969 ची. तिच्यात डॉन रेंडेलचा सॅक्सोफोन, इयन कारचं ट्रंपेट, डेव्ह ग्रीनचा बास आणि ट्रेव्हर टॉमकिन्सचे ड्रम, म्हणजे त्या काळच्या नावाजलेल्या रेंडेल-कार पंचकातला पियानोवाला सोडून बाकी सगळे. पियानो नाही, म्हणून सुरांची भिंत धरायचं काम गिटारवर आलं. आणि ह्यानं भिंत बांधण्याऐवजी खिडक्याच ठेवल्या. हे मी शेठना एकदा बोललो. त्यांनी लगेच विचारलं, ‘पण त्याचा कॅटलॉग नंबर ठाऊक आहे का?’

खताची गोणी हल्ली अंगठ्यावर मिळते. मशीनवर अंगठा ठेवायचा, मशीननं तो आधारशी जुळवायचा, मग पावती. कापूस वेचून रेषा झिजलेल्या, नेटवर्क डोंगराआड, त्यामुळे मशीन विचार करत बसतं. हीच शेठची वेळ.

‘अंगठ्याला हलकं समजू नका,’ ते म्हणतात. ‘वेस मॉन्टगोमेरी! अमेरिकेतला. सगळी दुनिया गिटार नखीनं छेडते, हा नुसत्या अंगठ्यानं. दिवसा कारखान्यात काम करायचा, रात्री रियाज. शेजारी कटकट करायला लागले, म्हणून नखी टाकली आणि अंगठा धरला. आवाज मऊ झाला. त्या मऊ आवाजानं 1960 साली जॅझमधली गिटार बदलून टाकली!’

‘पुन्हा प्रयत्न करा,’ मशीन म्हणतं.

‘त्या माणसाला निदान शेजाऱ्यांची काळजी होती,’ पडद्यामागून शेठाणींचा आवाज येतो.

दुकानात बियाणं कंपन्यांच्या कॅलेंडरांच्या रांगेत काचेची एक चौकट आहे. तिच्यात ‘हम दोनो’ नावाची तबकडी, पाकिटासकट. जमैकाचा सॅक्सोफोनवाला जो हॅरिएट आणि डिसिल्व्हा, असे ते दोघे. मूळ तबकडी 1969 च्या सुमाराची, पुढं कित्येक वर्षं मिळेनाशी झालेली. ही नंतर पुन्हा काढलेली, हैदराबादच्या भाच्याकरवी मागवलेली. ती वाजवायचं यंत्र शेठकडे नाही. वाजवली तर झिजेल, म्हणून घ्यायचंही नाही. नवखे शेतकरी चौकटीकडे बघून हे कपाशीचं कुठलं वाण, असं विचारतात. जुनेजाणते नाव वाचतात आणि त्यांचे चेहरे उजळतात. ‘हम दोनो व्हय? लावा ना शेठ, देवानंदचं लावा!’ 1961 चा तो चित्रपट, जयदेवचं संगीत. चाली अजून लोकांच्या ओठांवर आहेत. शेठ डोळे मिटतात. मग त्याच तबकडीतली नॉर्मा विन्स्टन फोनवर लावतात. तिचं गाणं शब्दांविना, नुसत्या आवाजाचं. गिऱ्हाईक शेवटपर्यंत शब्दांची वाट बघतं आणि सोयाबीनचा भाव विचारून निघून जातं.

पौष पौर्णिमेला नार्नूरला खामदेवाची जत्रा भरते. तोडसम घराण्याची लेक देवापुढं दोन किलोच्या वर तिळाचं तेल पिते. तो तिचा मान, तिची श्रद्धा, आणि सगळी पंचक्रोशी ते बघायला लोटते. शेठच्या दुकानातल्या पोऱ्याला त्याच्या मित्रांनी विचारलं, एवढं तेल कसं पोटात राहत असेल रे? पोऱ्या म्हणाला, ‘ते वर्षातून एकदा असते.’

भाचा हा शेठचा एकमेव बरोबरीचा माणूस, म्हणून एकमेव शत्रू. तो पॅट मेथेनीचा भक्त. रविवारी फोनवर वाद होतो, तो दुकानाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येतो. भाचा सांगतो: मिसूरीतल्या ली’ज समिट नावाच्या लहान गावचा पोरगा, एकविसाव्या वर्षी ‘ब्राइट साइज लाइफ’ ध्वनिमुद्रित करतो, 1976 ला ती येते, तिच्यात बासवर जॅको पॅस्टोरियस! शेठ म्हणतात, गाव लहान असल्याचं मला सांगू नकोस. भाचा सांगतो: त्याच्याकडे पिकासो नावाची गिटार आहे, कॅनडाच्या लिंडा मॅन्झरनं घडवलेली, बेचाळीस तारांची. शेठ फोन बाजूला धरून पोऱ्याला विचारतात, ‘बेचाळीस तारा. रानडुकरांचं कुंपण घालतोय का रे हा?’ मग 2010 चं ‘ऑर्केस्ट्रिऑन’ निघतं. वाजवायला माणसं नाहीत. घंटा, ढोल, पियानो, सगळं यंत्रानं वाजणारं आणि मध्ये एकटा मेथेनी गिटार घेऊन. इथं मात्र शेठ गप्प होतात. सोबत्यांशिवाय सबंध वाद्यवृंद ही कल्पना त्यांना नेमकी कुठं लागते, ते मी सांगणार नाही.

वाद हरायला आला की शेठ हुकमाचं पान टाकतात. केशव साठे. मराठी माणूस, मुंबईचा तबलजी, 1956 ला लंडनला गेला आणि तिथं जो हॅरिएट आणि जॉन मेयर यांच्या इंडो-जॅझ प्रयोगात बसला. ‘कोंकण डान्स’वर तबला त्याचाच, सतार क्लेम अल्फर्डची. 1972 ला ध्वनिमुद्रित झालेलं ते सगळं तसंच पडून राहिलं आणि 2006 ला बाहेर आलं. तोवर डिसिल्व्हाला जाऊन दहा वर्षं झाली होती. ‘तुझ्या मेथेनीकडं आहे का साठे?’ शेठ विचारतात. नाही. भाच्याकडे ह्याला उत्तर नाही, आणि ह्यात वाद काय होता हेही कुणाला आठवत नाही.

एकदा जत्रेच्या सुमारास एक म्हातारबाबा दुकानात आले. प्रधान समाजाचे, किकरी वाजवणारे. गोंडांच्या कुळकथा गाणारी ही मंडळी. घरात मराठी बोलतात आणि कथा गोंडीत गातात. तीन तारांचं वाद्य, घोड्याच्या केसांचा गज. त्या दिवशी बाबांना हरभऱ्यावरच्या घाटे अळीचं औषध हवं होतं. ‘कोंकण डान्स’ चालू होतं आणि शेठ, चमत्कार असा की, हिशेबात गुंतल्यामुळे गप्प होते. बाबा ऐकत उभे राहिले. मान हलली. पुढची मात्रा कुठं पडणार ते आधीच कळल्यासारखी हलली. तुकडा संपल्यावर म्हणाले, ‘बरा वाजवते. कोन्या गावचा व्हय गा?’

शेठ गडबडले. इतक्या वर्षांत प्रथमच कुणाला आवडलं होतं, तेही 1936 न कळता, गायत्रीदेवींशिवाय, कॅटलॉग नंबरावाचून. त्यांना आनंद झाला होता, पण हे असं आवडणं त्यांना पटलं नव्हतं. ‘थांबा, थांबा,’ म्हणत त्यांनी पहिल्यापासून माहिती सांगितली. बाबांनी औषधाची बाटली पिशवीत टाकली आणि वाट बघितली. शेवटी शेठना एकच गोष्ट कळली, की हा माणूस वाजवणारा आहे.

दुसऱ्या दिवशी किकरी दुकानात आली आणि शेठ डेनिस प्रेस्टन झाले. पंखा बंद, अर्धं शटर खाली, फोन युरियाच्या गोण्यांवर. पोऱ्यानं टाळी वाजवायची. ‘टेक वन!’ बाबांनी वाजवलं. गज लांब ओढत, मध्येच सुराला झोके देत, फार देखणं वाजवलं. बाहेर ट्रॅक्टर गेला. ‘पुन्हा,’ शेठ म्हणाले, ‘तेच.’

बाबांनी वाजवलं. चाल तीच असावी, पण वळणं निराळी.

‘तसं नाही. मघाशी वाजवलं तसं.’

‘मघाशी तं वाजवलं,’ बाबा म्हणाले.

जो माणूस आयुष्यभर सांगत आला, की जॅझ म्हणजे त्या क्षणी सुचेल ते, दोनदा सारखं वाजवलं तर ते जॅझच नव्हे, तो आता घाम पुसत सारखेपणा मागत होता. चौथ्या वेळी बाबांनी सरळ दुसरी कथाच धरली. पाचव्या वेळी शेठाणींनी चहा आणला आणि ‘बास आता’ म्हणाल्या.

शेठनी तिसरा टेक निवडला. फाइलला नाव दिलं, वादक, वाद्य, तारीख, ठिकाण, टाळी देणाऱ्या पोऱ्याचंही नाव घातलं, आणि भाच्याला पाठवली. आठवडाभरात त्यांना तिचा सूर न् सूर पाठ झाला. पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबा झाडाखाली वाजवत होते. शेठ जाऊन उभे राहिले, थोडं ऐकलं आणि अस्वस्थ झाले. वाकून हळूच म्हणाले, ‘बाबा, इथं चुकतंय. खरं असं आहे.’ फोन काढला, तिसरा टेक लावला आणि बोट वर केलं.

बाबांनी गज मांडीवर ठेवला. मन लावून ऐकलं. मान हलली.

‘बरा वाजवते,’ ते म्हणाले. ‘हा कोन्या गावचा व्हय?’

शेठ त्यांच्याशेजारी बैठक मारून बसले आणि माहिती सांगायला लागले.