हर्षद, पण हॅपी नाही

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मोठ्याने वाचायला घेतली की कोटीनंतर पंचाईत होते. अब्ज, खर्व म्हणता म्हणता जीभ अडखळते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांत आपल्या संख्येचा डावीकडचा एक सतराव्या, ‘मध्य’ नावाच्या स्थानावर बसतो. अजून एक घर सरकला असता तर थेट परार्धात गेला असता. एवढ्या रकमेचा चेक लिहायची वेळ आपल्यावर येणार नाही, तेव्हा ‘अक्षरी रुपये’ची चिंता नको.

दिसायला दांडगी असली तरी तिचा जन्म अगदी साधा. ओळीने नऊ एक मांडायचे आणि त्या १११११११११ ला त्यानेच गुणायचे. शाळेतल्यासारखा उभा गुणाकार करून पाहा, एकेक ओळ डावीकडे सरकवत. उजव्या कडेच्या रकान्यात एक, शेजारी दोन, मग तीन. मधोमध नऊ, की पुढे उतरण सुरू. कुठेही हातचा नाही! हातच्याने ज्यांचे बालपण नासवले, त्यांना हा गुणाकार देवमाणूस वाटावा. पण लोभ नको. दहावा एक जोडलात की मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा टपकतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, मध्ये दोन शून्ये, आणि उलटसुलट सारखेच वाचायची सोय संपली.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले. डेम्लो म्हणजे त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवरचे स्टेशन, आजची डोंबिवली. कल्पना सुचली ती तिथेच. त्या फलाटावर आजही माणसे आकड्यांतच बुडालेली असतात, फक्त ते लोकलच्या वेळेचे.

हाती आलेल्या संख्येची गणिती मंडळी चौकशी करतात ती लग्नाच्या स्थळासारखी. मूळ संख्या आहे का? नाही, संयुक्त. अवयव कोण? ३ चारदा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ हे थोरले अवयवही दोनदा. सगळे मिळून विभाजक ४५. ही गिनती विषम, कारण बाकीचे विभाजक जोडीजोडीने येतात. वर्गमूळ तेवढे स्वतःशीच जोडी जमवून मोकळे होते. (४५ हीसुद्धा कापरेकरांच्याच मर्जीतली. तिचा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५.) स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज घ्यावी, तर ती संख्येच्या निम्म्याहून थोडीच वर जाते, म्हणून शेरा पडतो ‘न्यून’. सतरा अंक बाळगूनही न्यून! आपण तर दोन-चार अंकी पगारवाढीवर फुगतो.

तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ नाव दिले, आनंद देणाऱ्या. पण गणितात ‘हॅपी नंबर’ म्हणून आणखी एक वर्ग आहे. प्रत्येक अंकाचा वर्ग करून बेरीज घ्यायची, त्या बेरजेचे पुन्हा तेच करायचे; शेवटी १ हाती आला की संख्या हॅपी. आपलीचे होतात ४८९, मग १६१, ३८, ७३, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६, ३७ आणि परत ५८. यापुढे कितीही बेरजा करा, तोच फेरा. जगाला हर्ष वाटणारी ही बाई स्वतः काही हॅपी होत नाही. आणि त्या फेऱ्यात अडकवून ठेवणाऱ्यांत ३७ आहे, तिच्या घरचाच अवयव.