निर्णय पोराचा, बैठक आमची

आठवीतल्या पोराने पुढे कोणत्या शाळेत जावं हा निर्णय सर्वस्वी त्याचाच असावा, यावर मध्य प्रदेशातल्या आमच्या मोहगावात एकमत आहे. तो निर्णय नेमका कोणता असावा हे त्याला समजावून सांगायला पोळ्यानंतरच्या रविवारी आमच्या आळीत ओटा भरून माणसं जमली, ती याच उदार विचाराने. पोराचे बाबा अध्यक्षस्थानी होते. नागपूरचा मामा प्रमुख पाहुणा. सौंसरला क्लास चालवणारे सर तज्ज्ञ म्हणून हजर. काका, आत्या, आजोबा, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून थांबलेले लोधीखेड्याचे एक गृहस्थ हे सन्माननीय सदस्य. पोरगं सतरंज्या घालत होतं. पाचवीतली धाकटी चहाचे कप मोजत होती.

प्रास्ताविक सरांनी केलं. मार्ग चार आहेत, ते म्हणाले. पहिला सौंसरचं शासकीय उत्कृष्ट विद्यालय. नववीच्या प्रवेशाला परीक्षा असते आणि ती भोपाळचं राज्य मुक्त शाळा मंडळ घेतं. याच मंडळाने बोर्डाच्या परीक्षेत नापास झालेल्यांसाठी २०१६ मध्ये ‘रुक जाना नहीं’ ही परीक्षाही सुरू केली. म्हणजे हुशार पोरं निवडणारं आणि नापासांना धीर देणारं कार्यालय एकच. काकांना ही सोय फार आवडली. ‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले, ‘‘पोट्टं इकडं लागो का तिकडं, पत्ता तोच. फाईल शोधाले भटकाचं काम नाई.’’

दुसरा मार्ग नवोदय. खेड्यातल्या हुशार मुलांना बापाची ऐपत न बघता चांगलं शिक्षण मिळावं म्हणून १९८५-८६ मध्ये पहिल्या दोन शाळा निघाल्या: एक हरियाणातल्या झज्जरला, दुसरी आपल्या शेजारच्या अमरावतीला. आता त्या देशभर आहेत. फक्त तामिळनाडूने एकही उघडू दिलेली नाही, त्यामुळे तिथले आईबाप अशा बैठकांपासून वाचले. आपल्याला जवळचं नवोदय म्हणजे छिंदवाड्याच्या पलीकडे सिंगोडीला. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सरकारची. सहावीला ८० जागा, त्यातल्या निदान पाऊण ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना. ‘‘पण ती परीक्षा पाचवीत असतानाच द्यावी लागते,’’ सर म्हणाले, ‘‘जन्मात एकदाच. फॉर्म पावसाळ्यातच भरून होतात. दुसरा चान्स नाही.’’ पोराची ती संधी तीन वर्षांपूर्वी गेली होती, कारण परीक्षेच्या दिवशी चुलतमामाचं साक्षगंध होतं.

आता उरला नववीचा दरवाजा. तिथे मधल्या काळात ज्या जागा रिकाम्या झाल्या असतील तेवढ्याच भरतात. पेपर शंभर गुणांचा. गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५.

‘‘मराठीले किती?’’ आजोबांनी विचारलं.

सरांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी पुढची माहिती दिली. नवोदयमध्ये नववीतल्या काही मुलांना राष्ट्रीय एकात्मतेसाठी वर्षभर दुसऱ्या प्रांतात पाठवतात, हिंदी मुलखातली मुलं अहिंदी मुलखात आणि तिकडची इकडे. घरात मराठीतून रडणारं, शाळेत हिंदीतून उत्तरं देणारं आमचं पोरगं अशा वेळी हिंदी भाषकांचं प्रतिनिधित्व करेल. राष्ट्रीय एकात्मता याहून पुढे काय जाणार?

तिसरा मार्ग मामाने स्वतःच मांडला. ‘‘नागपूरले पाठवा. माह्या घरी राहीन. शाळेची बस दारात येते. सकाळी शाळा, दुपारी फाउंडेशनचा क्लास, रात्री टेस्ट. नववीपासून लागलं तं ठीक, नाई तं गेलं समजा.’’ पोरगं झोपणार कधी, असं पोराच्या आईने दारातून विचारलं. मामा म्हणाला, ‘‘ताई, झोपाले बारावीनंतर टाइमच टाइम आहे.’’

चौथा मार्ग गावची शाळा. तो सरांनी चहा येता येता उरकला.

नागपूरचं नाव निघताच आजोबा सावरून बसले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आपली राजधानी होती आणि तिकडे जायला कुठलीही परीक्षा द्यावी लागत नव्हती, हे त्यांनी सभेच्या नजरेस आणून दिलं. मग राज्यांची वाटणी झाली. नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. ‘‘तवा आमाले इचारलं होतं का कोणी? नाई. मंग ५ ऑक्टोबर २०२३ ले सकाळी उठलो तं पांढुर्णा जिल्हा. आदल्या राती छिंदवाडा जिल्ह्यात झोपलो होतो. तवा तरी इचारलं का? आमचं काही अडलं नाई. मंग या पोट्ट्यालेच कायले इचारता?’’ या मुद्द्यावर टाळ्या पडल्या. सौंसर-पांढुर्ण्याच्या इतिहासाचा इतका थेट उपयोग घरगुती निर्णयात पूर्वी कुणी केला नव्हता.

मग बाबांनी वही काढली. पोरगं डॉक्टर होणार हे त्या वहीत आधीच ठरलेलं होतं, फक्त कोणत्या कोट्यातून एवढाच प्रश्न होता. मध्य प्रदेशात २०२३ पासून एमबीबीएसच्या पाच टक्के जागा शासकीय शाळेत शिकलेल्यांना आहेत, पण त्यासाठी सहावी ते बारावी सरकारी शाळेतच काढावी लागते. पोरगं मामाकडे गेलं तर हे गेलं. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात शिरायचं तर दहावी-बारावी तिकडची हवी आणि वर अधिवासाचा दाखलाही. म्हणजे इकडचं सुटतं आणि तिकडचं हाती येईलच असं नाही. बाबांनी पानावर दोन राज्यं काढली, मधून रेघ मारली आणि तेरा वर्षांच्या पोराला त्या रेघेवर उभं केलं. पोराला रक्त पाहिलं की चक्कर येते, ही नोंद वहीत नव्हती.

काकांनी मात्र वहीशिवाय सगळ्यांवर मात केली. त्यांचा सिद्धांत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा आहे. शासकीय उच्चतर माध्यमिक शाळेत बारावीला पहिला येणाऱ्याला सरकार स्कूटी देतं. बोर्डात ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळाले तर लॅपटॉपसाठी २५,००० रुपये. ‘‘सौंसरच्या त्या शाळेत सगळेच हुशार. चाळीस पोट्टे अन् स्कूटी एक. इथं गावात आपला एकटा. जिथं हुशार पोट्टे नाईत तिथंच हुशार पोट्ट्यानं जाव. पेट्रोलच्या स्कूटीचे नव्वद हजार, लॅपटॉपचे पंचवीस, म्हंजे झाले सव्वा लाख.’’

‘‘एक लाख पंधरा,’’ धाकटी कपबशा उचलता उचलता म्हणाली.

‘‘तेच ते,’’ काका म्हणाले. ‘‘अन् त्या नागपूरच्या शाळेत पहिला आला तं प्रिन्सिपल हात मिळवते. हातावर बसून कॉलेजले जाता येते का?’’

सर अस्वस्थ झाले. संगत नावाची गोष्ट असते, ते म्हणाले. हुशारांत बसलं की माणूस हुशार होतो. त्यावर पुण्यात आयटीत असलेल्या चुलतभावाने व्हिडिओ कॉलवरून हस्तक्षेप केला. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्येही अशाच परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला. काठावर आत गेलेली मुलं आणि काठावर बाहेर राहिलेली मुलं त्यांनी शेजारीशेजारी ठेवून पाहिली. पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक निघाला नाही. शाळा चमकते ती बरीचशी आत घेतलेल्या पोरांमुळे. ‘‘त्यातल्या अँग्रिस्टला पुढे, २०२१ मध्ये, नोबेल मिळालं,’’ भाऊ म्हणाला.

‘‘त्याचं सोताचं पोट्टं कोणत्या शाळेत होतं ते इचार,’’ आत्या म्हणाली. तेवढ्यात नेटवर्क गेलं, आणि नोबेलविजेत्याची बाजू मोहगावात कायमची अपुरी राहिली.

तेव्हा गुरुजी बोलले. बैठकीत एवढा वेळ ते गप्प होते, म्हणून सगळ्यांना वाटलं की ते सहमत आहेत.

‘‘अमेरिकेतलं ते बरोबर असेल,’’ ते म्हणाले. ‘‘पण तिथे नंबर हुकलेल्या पोराच्या शाळेतही गणिताला मास्तर असतो. आपल्याकडे अतिथी शिक्षक येईपर्यंत अर्धी सहामाही जाते. म्हणून तुम्ही पोरगं सौंसरला पाठवता म्हणालात तर मी अडवणार नाही. मला एवढंच सांगा, तुमच्यापैकी कुणी ती शाळा आतून पाहिली आहे का? सिंगोडीचं वसतिगृह? गावची तरी?’’

कुणीच पाहिली नव्हती. लोधीखेड्याचे गृहस्थ म्हणाले, त्यांनी सौंसरच्या शाळेचं फाटक पाहिलं आहे, रंग चांगला आहे.

‘‘आत्ता अंबिया बहाराचे सौदे चालू आहेत,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘संत्र्याचा बगीचा उक्ता घ्यायचा तर व्यापारी दोनदा येतो, झाडाझाडाखाली फिरतो, मगच इसार देतो. तुम्ही पोराची चार वर्षं फाटकाच्या रंगावर द्यायला निघालात. आणि दुसरं. व्यापारी मोठी फळं तोडून नेतो, मागे बारीक फळांची चुरी राहते. त्या झाडाकडे बघून कुणी म्हणालं की या बगीच्यात चुरीच पिकते, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. शाळेच्या बाबतीत मात्र दर निकालाला तुम्ही हेच म्हणता.’’

‘‘म्हणजे हुशार पोराने गावातच सडावं?’’ मामाने विचारलं.

‘‘नाही. पोरगं जातं याचं मला वाईट वाटत नाही. पोरासोबत त्याचा बाप जातो. मास्तर का नाही म्हणून तहसीलला जाऊन भांडेल, प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला लावेल, असा जो बाप असतो त्याचंच पोरगं पहिल्यांदा बाहेर जातं. मग गावच्या शाळेत उरतात ती ज्यांच्या बापाला रोजी बुडवून तहसीलला जाता येत नाही अशांची पोरं. आज एका पोरासाठी ओटा भरला. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला यातले किती जण येता? तिथेही चहा असतो.’’

सगळ्यांना हे अतिशय पटलं. काकांनी गुरुजींना दुसरा कप द्यायला सांगितलं. आपल्याकडे एखादा विचार फारच खरा असला की त्याला चहा पाजून निरोप देण्याची पद्धत आहे.

जाता जाता गुरुजींनी सुचवलं की पोराला एकेक दिवस त्या शाळांत नेऊन बसवा, तिथल्या दोन पोरांशी बोलू द्या, संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते बघा आणि मग त्यालाच विचारा. आता नाव निघालंच म्हणून पोराला बोलावण्यात आलं. तुला काय वाटतं, असं बाबांनी विचारलं. अशा स्वरात विचारलं की उत्तर देण्याची सक्ती वाटू नये.

पोराने एकच विचारलं. ‘‘नाई जमलं तं वापस येता येते का?’’

सभा गडबडली. टक्केवारी, कोटा, स्कूटी आणि नोबेल यांत हा मुद्दा कुणाच्या डोक्यात आला नव्हता. सरांनी फॉर्मची माहितीपत्रिका उलटसुलट केली. तिच्यात जाण्याचे सगळे नियम होते. शेवटी हा नकारात्मक विचार आहे असं ठरवून पोराला पाणी आणायला पाठवण्यात आलं.

त्यानंतर आत्याने एक गौप्यस्फोट केला. बाबांनी नंबर लागावा म्हणून जामसावळीला अकरा नारळांचा नवस बोलला आहे, आणि सिंगोडीला लागू नये म्हणून पोराच्या आईनेही तिथेच अकराच नारळ बोलले आहेत. जामसावळीचे मारुतीराय पिंपळाखाली आडवे पहुडलेले आहेत. एकाच घरातून एकाच भावाचे दोन उलटे अर्ज आल्यावर त्यांनी उठून बसावं अशी अपेक्षा कुणी धरू नये.

दिवेलागणीला खालील ठराव मंजूर झाले.

ठराव १. उत्कृष्ट विद्यालय, नवोदय आणि नागपूर, तिन्हीकडचे फॉर्म ज्याच्या त्याच्या तारखेला भरावेत.

ठराव २. जिथे नंबर लागेल तिथे जाण्याचं पोराला पूर्ण स्वातंत्र्य राहील. दोन ठिकाणी लागल्यास हे स्वातंत्र्य बाबांकडे जाईल. कुठेच न लागल्यास पोरगं गावच्या शाळेत जाईल, आणि गावची शाळा टिकवणं हे आपलं पहिल्यापासूनचं तत्त्व होतं असं पाहुण्यांना सांगावं.

ठराव ३. तयारीचा क्लास उद्यापासून. सरांनी तज्ज्ञ म्हणून तटस्थ राहून अर्धी फी आगाऊ मागितली.

ठराव ४. गुरुजींचे आभार. शाळा व्यवस्थापन समितीचा विषय योग्य व्यासपीठावर, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीत, मांडण्यात यावा. त्या बैठकीला कोण जाणार, हे त्या बैठकीत ठरवावं.

ऐनवेळचे विषय. धाकटीचा सहावीचा नवोदय फॉर्म भरायचा का, असं पोराच्या आईने विचारलं. त्याची तारीख पोळ्याच्या आधीच संपली, अशी माहिती सरांनी दिली. वेळेअभावी विषय पुढील वर्षावर ढकलण्यात आला.