कोणाला बरं नाहीये?

आमच्या घरातली चहाची व्याख्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कायमची करून ठेवली आहे. दूध हवं, साखर हवी, आलं ठेचलेलं हवं आणि उकळी तीनदा वर येऊन खाली बसायला हवी. यातलं एक जरी चुकलं तरी तो चहा नव्हे, काढा. आणि घरात काढ्याचा वास आला की दादांचा प्रश्न ठरलेला: "कोणाला बरं नाहीये?"

दिवाळीत पुण्याहून भाची आली ती एक रंगीत खोका घेऊन. "मामा, हा फ्रूट टी. यात चहाच नसतो!" दादांनी खोका हातभर लांब धरून पाहिला आणि विचारलं, "मग पैसे कशाचे घेतले?"

प्रश्न रास्त होता. खोक्यावर स्ट्रॉबेरी, रासबेरी आणि आणखी कुठकुठल्या बेऱ्यांचा ढीग. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत घटकांची यादी. यादीत सर्वांत वर हिबिस्कस, त्याखाली वाळलेलं सफरचंद, संत्र्याची साल आणि अगदी तळाशी 'स्वाद'. चित्रातल्या सगळ्या बेऱ्या त्या एका शब्दात दाटीवाटीनं राहत होत्या. हिबिस्कस म्हणजे काय याचा शोध घेतला तर निघाली लाल अंबाडीची बोंडं! जिच्या पाल्याची भाजी कण्या घालून खायची आणि वर 'फार आंबट झाली' म्हणायचं, ती ही अंबाडी. इजिप्तमध्ये तिला करकदे म्हणतात, मेक्सिकोत हामायका, आणि दोन्हीकडे तिचं लालभडक पाणी पाहुण्यांपुढे ठेवतात.

झालं. मला वाटलं, विकत कशाला घ्यायचं? डाळिंबं आपली, बांधावरची बोरं आपली, न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेला गवती चहा आपला. अंबाडीची बोंडं बाजारात मिळाली. संत्री भाचीनं खाल्ली, साली मी गोळा केल्या.

साली सावलीत वाळवाव्यात, खेळती हवा असावी, असं वाचलं होतं. आता आमच्या वस्तीवर सावली आणि खेळती हवा एकत्र कुठे मिळते? कांदाचाळीत. जमिनीपासून उचललेली, बाजूंना फटी ठेवलेली, वारं आरपार जावं म्हणूनच बांधलेली. भाव चढेल या आशेवर दादांनी राखलेला उन्हाळ कांदा अजून तिथे होता. काही कांद्यांना कोंब फुटले होते, काहींनी आशा सोडली होती. त्यांच्या डोक्यावर मी परातीत साली पसरल्या.

चार दिवसांत साली कुरकुरीत झाल्या. पहिला कप नाकाशी नेला. आधी संत्रं आलं. त्याच्या मागोमाग पूर्ण लासलगाव मार्केट आलं. वाळलेल्या साली आणि चहाची पत्ती शेजाऱ्याचा वास उचलण्यात किती तरबेज असतात, हे मला तेव्हा कळलं. बायकोनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "यात थोडं बेसन घातलं असतं ना..."

दुसरी खेप गच्चीवर वाळली. या वेळी मी शास्त्रशुद्ध चव घ्यायची ठरवली. चहा चाखण्यासाठी तो कसा करावा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे: आयएसओ 3103, मूळ साल 1980. 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, 6 मिनिटं झाकण. असल्याच सहा पानी ब्रिटिश मानकाला 1999 मध्ये इग नोबेल हे थट्टेचं पारितोषिकही मिळालं. थट्टा करणाऱ्यांचं काय जातं. माझी अडचण वेगळीच होती. आमच्याकडचा काटा कांद्याचा, तो गोणीखाली बोलत नाही. म्हणून चमचा.

आमच्या चांदवडला होळकरांच्या काळी टांकसाळ होती. रुपया खरा की खोटा हे वाजवून पाहायची सवय गावात तेव्हापासून मुरलेली असावी. दादा ओट्यावर परीक्षकासारखे बसले. मी सांगितलं, चहा चाखणारे तज्ज्ञ मोठा आवाज करून फुरका मारतात, त्यानं हवा मिसळून वास घशामागून नाकात चढतो. दादांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. पन्नास वर्षं बशीतून ते दुसरं काय करत होते? आईनं जन्मभर "हळू प्या हो, लोक ऐकतात" म्हणून ज्याला टोकलं, तो माणूस जागतिक दर्जाचा निघाला.

मी साखर आणायला आत वळलो आणि दादांनी सवयीनं कपात दूध ओतलं. अंबाडीच्या आंबटापुढे दूध टिकतं होय? लाल पाण्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगू लागल्या. "नासला," दादांनी निकाल दिला. "पण झाक नासला."

त्यानंतर आईनं चहाचं पातेलं मला द्यायचं बंद केलं. म्हणून डाळिंबाच्या साली मी लोखंडी कढईत उकळल्या. दहा मिनिटांत कढईत काळीकुट्ट शाई तयार! सालीतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की हेच होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, त्यातला हा प्रकार. आईनं कढई पाहिली आणि नुसतंच रेणुकामातेच्या डोंगराकडे हात जोडले.

शेवटी जमलं. पाणी उकळून खाली उतरवायचं, मग त्यात अंबाडीची चार बोंडं, संत्र्याच्या सालीची एक चिरी (आतला पांढरा भाग खरवडून, नाहीतर कडू होतं), गवती चहाचं एक पातं. झाकण, सहा मिनिटं, खडीसाखर. 'भगवा' जातीच्या डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग आला. दादांनी फुरका मारला, डोळे मिटले. मी श्वास रोखला.

"सरबत गरम झालंय," ते म्हणाले. पण कप रिकामा करूनच.

गावात मात्र बातमी वेगळीच पसरली. एका सकाळी शेजारचे आबा पोट धरून दारात. "सर, तो डाळिंबाच्या सालीचा काढा हाय का थोडा?" आमची आजी ताकात हीच साल उगाळून द्यायची, तेव्हा नाही कसं म्हणणार? स्टीलच्या पातेल्यात करून दिला. दोन दिवसांनी आबा आणखी दोन पोटं घेऊन आले.

परवा सकाळी मी ओट्यावर बसून, कोवळ्या उन्हात, माझा लाल कप निवांत पीत होतो. दूधवाल्यानं सायकल थांबवली, कपात डोकावलं, चेहरा पाडून म्हणाला, "सर, बरं नाहीये का?"

मी तोंड उघडायच्या आत घरातून दादांचा आवाज आला: "दिवाळीपासून चाललंय. उतारच पडंना!"