मामा, उठू नकोस, अजून आहे

सिनेमा संपला होता. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नावं वर सरकत होती, दिवे लागले होते आणि झाडू-सुपली घेतलेली दोन पोरं दारात उभी राहून 'ह्यांचं काय आता?' अशा नजरेनं आमच्याकडे बघत होती. तीन तास एक मिनिटाचा सिनेमा, वर जाहिराती, वर मध्यंतर. माझ्या वयाच्या माणसाला एवढ्या वेळानं कुठे जायचं असतं हे काही सांगायला नको. मी उठलो, तर भाच्यानं सदरा धरून मला खाली बसवलं.

"मामा, उठू नकोस. अजून आहे."

"काय आहे?"

"शेवटी असतं."

एप्रिल २०१९ मधली ही गोष्ट. सिनेमा 'अव्हेंजर्स: एंडगेम'. नावं सरकत राहिली. केशभूषा करणारे, वायरी ओढणारे, हिशेब लिहिणारे, कुठकुठले शेकडो संगणकवाले. मी घरच्या लग्नाची पत्रिकासुद्धा इतकी खालपर्यंत वाचलेली नाही. अखेर पडदा काळा झाला आणि लोखंडावर हातोडा पडावा तसा ठण्‌ ठण्‌ आवाज आला. मग तोही थांबला.

"झालं?"

"झालं." भाच्याचे डोळे भरून आले होते. "पहिल्या 'आयर्न मॅन'मधला आवाज होता, मामा. गुहेत तो चिलखत घडवतो ना, तेव्हाचा."

मला वाटलं होतं, मॉलमध्ये कुठेतरी फरशीचं काम चाललंय.

ऑफिसात भाच्याला 'पोस्ट-क्रेडिट' म्हणतात. ऑफिस हिंजवडीला. वय तेव्हा पस्तिशीला टेकलेलं, पदरी एक मुलगी, डोक्यावर घराचं कर्ज आणि अंगात काळा टीशर्ट. टीशर्टवर कुणाची तरी ढाल, मूठ किंवा वटवाघूळ. पूर्वी प्रत्येक घरात एक क्रिकेटचा आणि एक नाटकाचा असायचा. आता हा एक असतो. सिनेमाचा म्हणावा तर तसंही नाही, कारण इतर सिनेमे हा बघतच नाही. हा दुसऱ्या भागाचा माणूस. पहिला भाग आवडणं कुणालाही जमतं. दुसऱ्या भागाची वाट बघायला मात्र अंगात चिवटपणा लागतो, आणि तो आमच्या ताईच्या घराण्यात पहिल्यापासून आहे. तिच्या सासऱ्यांनी एका भाडेकरूविरुद्ध बावीस वर्षं कोर्टात खेटे घातले होते.

'एंडगेम'ची तयारी वर्षभर आधी सुरू झाली. २०१८ च्या एप्रिलमध्ये आधीचा भाग लागला, त्यात थॅनॉस नावाच्या जांभळ्या राक्षसानं एका चुटकीत निम्मी जीवसृष्टी भस्म केली आणि सिनेमा तिथेच संपला. तेव्हापासून पोराचं जेवणात लक्ष नव्हतं. ट्रेलर आला की तो थांबवून थांबवून बघायचा. आमचे वडील वधूपित्याकडून आलेली पत्रिका अशीच भिंगाखाली धरायचे. वर ट्रेलरवर विश्वासही नाही. "आधीच्या ट्रेलरमध्ये वाकांडाच्या मैदानावर हल्क धावत येताना दाखवला होता. सिनेमात तो शॉटच नाही! लोक फसवतात, मामा." फसवतात हे ठाऊक असूनही बघायचं, असं त्या व्रताचं स्वरूप.

मग अंदाज. थॅनॉसला मारणार कसा? त्या वेळी जगभरच्या चाहत्यांमध्ये एक अंदाज फार जोरात होता. मुंगीएवढा होणारा अँट-मॅन थॅनॉसच्या शरीरात शिरणार आणि आत जाऊन एकदम मोठा होणार. कुठून शिरणार, ते ताईसमोर सांगण्यासारखं नाही. मला गॅलरीत नेऊन सांगितलं. मी म्हटलं, "ह्यावर शिकलेली माणसं चर्चा करतात?" तो म्हणाला, "मामा, विज्ञानाच्या दृष्टीनं शक्य आहे."

मला गृहपाठ मिळाला होता. 'एंडगेम' हा त्या मालिकेतला बाविसावा सिनेमा, म्हणजे आधीचे एकवीस बघायला हवेत. मी चार बघितले. तेवढ्यानं मला थिएटरात नेण्यापुरतं उत्तीर्ण केलं, पण आत प्रश्न विचारायचे नाहीत या अटीवर.

खरा कहर झाला तो प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी. चीनमध्ये सिनेमा २४ तारखेलाच लागला आणि आपल्याकडे २६ ला. म्हणजे दोन दिवस शेवट जगात मोकाट फिरणार. दिग्दर्शक रूसो बंधूंनीच जाहीर पत्र लिहून प्रेक्षकांना विनवलं होतं की बघितलात तरी कुणाला सांगू नका. भाच्यानं त्यांच्यावर न विसंबता सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडले. त्यात आमचा घरचा ग्रुपही आला. रात्री सव्वादहाला सगळ्यांच्या फोनवर उमटलं की अमुक अमुक ग्रुपमधून बाहेर पडला. पाच मिनिटांत ताईला साताऱ्याहून फोन. "काय गं, जमिनीवरनं काही?" मग नाशिकहून. तिथल्या काकूंनी तर रडवेल्या आवाजात सांगितलं, "वाटणीचं आपण बसून बोलू, पण पोराला असं तोडू नका." ताईनं सगळ्यांना समजावलं की अमेरिकेतली एक लढाई आहे आणि ती कोण जिंकतं हे ह्याला आधी कळायला नकोय. त्यामुळे काकूंची काळजी आणखीच वाढली.

तिकीट मिळालं ते पहाटेच्या खेळाचं. देशात काही ठिकाणी तर चोवीस तास खेळ लावले होते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला ज्याला आजवर ओढून उठवावं लागलं, तो काकड आरतीच्या वेळेला आंघोळ करून माझ्या दारात उभा. भाचेसून झोपेतच म्हणाली, "मामा, त्यांना जपा. रडतील ते." मला थट्टा वाटली.

आत जे झालं ते मात्र बघण्यासारखं होतं, आणि मी पडद्याबद्दल बोलत नाही. शेवटच्या लढाईत थॉरचा हातोडा आपोआप उडत येतो आणि कॅप्टन अमेरिकाच्या हातात बसतो. त्या क्षणी थिएटर असं काही उसळलं की माझ्या हातातला समोसा पुढच्या रांगेत गेला. भाचा खुर्चीवर उभा. शेजारची एक कॉलेजकन्या अनोळखी मुलाच्या गळ्यात पडून ओरडत होती. मी अट मोडून विचारलं, "अरे, दुसऱ्याचा हातोडा उचलला, त्यात एवढं काय?"

"तो हातोडा फक्त लायक माणसालाच उचलता येतो, मामा! २०१५ च्या भागात ह्यानं प्रयत्न केला तेव्हा जरासा हलला होता. जरासाच! चार वर्षं वाट बघतोय आम्ही!"

"म्हणजे शिवधनुष्य."

"तसं नाही, मामा."

"मग कसं?"

तो पडद्याकडे बघत दोन क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "तसंच आहे. पण आत्ता बोलू नकोस."

पुढे आयर्न मॅन गेला, तेव्हा तो खरंच रडला. रुमालानं नाही, टीशर्टच्या बाहीनं. अख्खी रांग नाक ओढत होती. आमच्या वडिलांच्या तेराव्यालाही एवढं वातावरण गंभीर नव्हतं.

'एंडगेम' अपेक्षेला उतरला का? माझ्यासारख्या अर्धशिक्षितालाही सांगता येईल, पुरेपूर उतरला. हातोडा हवा होता, मिळाला. गेलेले सगळे परत हवे होते, सोनेरी वर्तुळांतून रांगेनं परत आले. मिसळ खाताना भाचा फक्त "शब्द नाहीत" एवढंच म्हणत होता, आणि खरोखरच नव्हते. त्यानं पाव मागितला तोही बोटानं. पण पुढचा महिनाभर पोरगं मुलीची पाठवणी करून आलेल्या बापासारखं घरात हिंडत होतं. ट्रेलर नाहीत, अंदाज नाहीत, गॅलरीत बोलावणं नाही. पैज लावायला काही उरलंच नव्हतं. ताईनं मला विचारलं, "ह्याला नोकरीवरनं तर काढलं नाही ना रे?"

दुसरे भाग हा त्याचा अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यात त्याचं मत तसूभरही वाकत नाही. 'स्पायडर-मॅन २', उत्तम. 'द डार्क नाइट', त्याबद्दल चप्पल काढून बोलायचं. १९९७ चा 'बॅटमॅन अँड रॉबिन', त्याबद्दल बोलायचंच नाही. मी एकदा भोळेपणानं विचारलं की 'क्रिश'चा दुसरा भाग कसा होता, तर तो खवळला. दुसरा नाहीच! २००३ चा 'कोई... मिल गया' हा पहिला, २००६ चा 'क्रिश' हा दुसरा, म्हणून २०१३ ला आला तो एकदम 'क्रिश ३'. आमच्या वाड्यात घरांचे नंबर असेच होते, पोस्टमनला पाठ झाले होते, त्यामुळे मला हे पटकन समजलं.

मीही काही अगदीच कोरडा नाही. 'झपाटलेला' १९९३ चा. वीस वर्षांनी, २०१३ ला, त्याचा दुसरा भाग आला तेव्हा मीच हट्टानं ह्याला नेलं होतं. थ्री-डी होता. काळा चष्मा लावून बसलो. तात्या विंचू पडद्यातून अंगावर येत होता, पोरं किंचाळत होती, आणि मी त्या चष्म्यातून लक्ष्याला शोधत होतो. लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन तेव्हा नऊ वर्षं होत आली होती, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाहेर आल्यावर भाच्यानं विचारलं, "कसा वाटला?" मी म्हटलं, "चष्मा घट्ट होता."

आता 'जोकर'कडे येतो, कारण ह्या माणसाचं खरं रूप मला तिथे दिसलं.

पहिला 'जोकर' २०१९ चा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला, वाकीन फीनिक्सला ऑस्कर मिळालं आणि जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर धंदा झाला. दिग्दर्शक तोच, नट तोच, वर जोडीला लेडी गागा, असा दुसरा भाग २ ऑक्टोबर २०२४ ला लागला. गांधी जयंतीची सुट्टी. भाचा सकाळपासून हवेत. आम्ही बसलो, राष्ट्रगीत झालं, सिनेमा सुरू झाला आणि थोड्या वेळानं तुरुंगातला जोकर बोलता बोलता गाऊ लागला.

भाच्यानं माझा हात घट्ट धरला. "मामा, हा गातोय."

"गातोय की."

"पण का गातोय?"

आता हा प्रश्न सौभद्र बघत वाढलेल्या माणसाला विचारण्यात काय अर्थ आहे? एवढा मोठा धनुर्धर अर्जुन, तोही रंगभूमीवर गातोच. दुःख झालं की गायचं, प्रेम जडलं की गायचं, राग आला की तर दोन पदं जास्त. मला उलट घरी आल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता छान विंगेतून पेटी वाजेल. भाचा मात्र प्रत्येक गाण्यागणिक खुर्चीत खाली खाली घसरत होता. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला त्याचं फक्त कपाळ दिसत होतं. दुसऱ्या भागात जोकर शहर पेटवेल म्हणून तो पाच वर्षं थांबला होता, आणि इथे जोकरवर कोर्टात खटला चालला होता. शेवटी तर तो चाहत्यांच्या देखत सांगून टाकतो की जोकर असा कुणी नाहीच.

माझं मत विचाराल तर सिनेमा कंटाळवाणाच होता. कोर्टात मला दोनदा डुलकी लागली, आणि ताईच्या सासऱ्यांच्या खटल्यात ह्याहून जास्त नाट्य होतं. पण एक गोष्ट मानली. ज्यांनी पहिल्या भागावर शंभर कोटींचा वर्षाव केला, त्यांच्याच तोंडावर ह्या लोकांनी दार लावलं. ह्याला धैर्य म्हणायचं की आत्मघात, ते ज्याचे पैसे होते त्यानं ठरवावं.

आणि भाचा? त्या दिवसापासून पोरगं बहरलं. रात्री साडेअकराला मला बारा मिनिटांचा आवाजी संदेश आला, त्यात दिग्दर्शकानं काय करायला हवं होतं ते क्रमवार होतं. दुसऱ्या दिवशी भाग दुसरा. अमेरिकेत सिनेमागृहातून बाहेर पडणाऱ्यांकडून गुण घेतात, त्यात ह्या सिनेमाला 'डी' मिळाला, ही बातमी त्यानं मुलाचा दहावीचा निकाल सांगावा तशा आनंदानं सांगितली. धंदा एकवीस कोटी डॉलरच्या आसपास अडकला, तेव्हा पेढे आणायचे तेवढे राहिले. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता तो भाचेसुनेला सांगत असे की ते गाणं तिथे नको, तिथे स्फोट हवा होता. भाजी चिरत होता, हे लक्षात घ्या. दिवाळीला घरचा ग्रुप त्यानंच जागता ठेवला, साताऱ्याच्या काकांशीही वाद घातला. काकांनी सिनेमा बघितलाच नव्हता, तरी ते हरले नाहीत.

ताई मला फराळाचं ताट देताना हळूच म्हणाली, "असा एखादा पडलेला सिनेमा दरवर्षी यावा रे. घरात पोर कसं हसतं-बोलतं राहतं."

परवा हा पुन्हा माझ्या गॅलरीत आला. 'अव्हेंजर्स: डूम्सडे'. दिग्दर्शक तेच रूसो बंधू. आणि ज्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरच्या मरणावर ह्यानं टीशर्टची बाही भिजवली, तोच परत येतोय, फक्त आता खलनायक डॉक्टर डूम होऊन. मी म्हटलं, "अरे, ज्याच्या तेराव्याला जेवलो त्याच्याच बारशाला जायचं?" तो म्हणाला, "मामा, हा वेगळा माणूस आहे. चेहरा तोच." आणि मग दीड तास त्यानं तो चेहरा तोच का आहे याचे चार अंदाज मांडले. एकात अँट-मॅन होता. मी विषय बदलला.

तारीख आधी १ मे २०२६ जाहीर केली होती. महाराष्ट्र दिन, आयती सुट्टी. ती बदलून १८ डिसेंबर केली, याबद्दल त्यानं मराठी माणसावरचा अन्याय म्हणून बराच वेळ बोलून घेतलं. रजेचा अर्ज त्यानं आत्ताच लिहून ठेवलाय, मी वाचलाय, कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं आहे.

तेव्हा आमच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या सर्वांना ताईनं माझ्यामार्फत कळवलंय. १८ डिसेंबर २०२६ ला शुक्रवार आहे. कुणाचं लग्न किंवा वास्तुशांत काढायची असेल तर कृपया तो आठवडा सोडून काढा. आणि हा ग्रुपमधून बाहेर पडला, तर साताऱ्याहून फोन करू नये.